‘आला तर’ आणि ‘आल्यावर’

मी तुर्की शिकवते असं सांगितलं की निगडीतल्या आमच्या सोसायटीतली माणसं क्षणभर थांबतात आणि मग विचारतात, कशाला? प्रश्न रास्त आहे. जर्मन किंवा जपानी शिकवणाऱ्याला हे कुणी विचारत नाही. हिंजवडीच्या कॅबमध्ये कानात जर्मन धडे घालून बसलेली मुलं आता नवलाची राहिलेली नाहीत. तुर्की म्हटलं की लोकांना फार तर टॉवेल आठवतो. एक गृहस्थ तर आजोबांच्या वेळचा उर्दू दस्तऐवज वाचून घ्यायला आले होते. तुर्की हल्ली इंग्रजीच्याच अक्षरांत लिहितात आणि मला उर्दू येत नाही, हे कळल्यावर ते चहा न घेताच गेले.

तर कशाला, ते सांगते. आपल्या चाकणसारखंच तुर्कस्तानात बुर्सा नावाचं शहर आहे. तिथेही गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग बनतात, तिथेही शिफ्ट सुटली की रस्ते तुंबतात. चाकणच्या काही कारखान्यांत बुर्साची यंत्रं येतात. यंत्राबरोबर ते बसवणारा माणूस येतो, आणि पुढे कधीतरी आपली माणसं शिकायला तिकडे जातात. तिकडच्या फिटरला इंग्रजी येत नाही, आपल्या फिटरला तुर्की येत नाही. या दोघांच्या मध्ये उभं राहायचं, हे माझं काम. निवृत्त झाले तरी ते सुटलेलं नाही.

माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात होते. लहानपणी विहारात पाली वंदना मी अर्थ न कळता पाठ केली होती. भाषा आधी कानात शिरते आणि डोक्यात नंतर, एवढं तेव्हाच कळलं होतं. पुढे भोसरीच्या एका कंपनीत परदेशी पत्रव्यवहार बघायला लागले. कंपनीने बुर्साच्या कारखान्याशी भागीदारी केली आणि वर्षभर तिकडे राहायला कुणीतरी हवं होतं. बर्फाचं नाव ऐकून बाकीचे मागे सरले, मी पुढे झाले.

तिथे पहिले काही महिने मी इंग्रजीतून लिहिलेलं तुर्की व्याकरणाचं पुस्तक घेऊन रडकुंडीला आले. नियम पाठ व्हायचे, वाक्य मात्र बनायचं नाही. मग एका संध्याकाळी घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात मी कांदा चिरत होते. त्या नवऱ्याबद्दल कुरकुरत होत्या, की हा घरात ‘गेलिर गेलमेझ’ जेवायला मागतो. शब्दांचा सरळ अर्थ लावला तर ‘येतो, येत नाही’. मी चिरायची थांबले. हे तर आपलं ‘येतो न येतो तोच’. इंग्रजीत याला एक कोरडा शब्दसमूह होता, तो मी आठवडाभर घोकत होते. आणि इथे, इतक्या लांब, आपल्याशी काडीचा संबंध नसलेल्या कुळातल्या भाषेत, एका बाईने माझ्या आईसारखंच वाक्य टाकलं होतं. येण्याचा तो क्षण दाखवायला दोघींनीही ‘येणं’ आणि ‘न येणं’ एकमेकांना चिकटवलं होतं. हे कुणी कुणाला शिकवलं असेल? मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, पण तेवढी तुर्की मला येत नव्हती. डोळे पुसत बसले. त्यांना वाटलं कांदा.

त्या दिवशी इंग्रजी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मराठीतून तुर्की शिकायला सुरुवात केली. मग एकेक दार उघडत गेलं. तुर्कीत घराला ‘एव’ म्हणतात. ‘एवदे’ म्हणजे घरात, ‘एवदेन’ म्हणजे घरातून, ‘एवे’ म्हणजे घरी, ‘एविन’ म्हणजे घराचा. शाळेत घोकलेल्या विभक्तीच नव्हे का या? आपल्या आणि त्यांच्या विभक्तीत एक गमतीचा फरक आहे. आपल्याकडे प्रत्यय लागायच्या आधी शब्द वाकतो: घोडा, पण घोड्याला. त्यांच्याकडे बहुतेक वेळा शब्द ताठ राहतो आणि प्रत्ययच वाकतो. शब्दातला शेवटचा स्वर बघून तो आपला स्वर बदलून येतो. घरात म्हणजे ‘एवदे’, पण शाळेत म्हणजे ‘ओकुलदा’. पाहुण्याने यजमानाची रीत बघून बसावं, तसा.

परत आल्यावर मी कारखान्यांतल्या पोरांचे तुर्कीचे वर्ग घ्यायला लागले. वर्गात मी हे सांगते तेव्हा पोरं हसतात, आणि ‘गेल’ सांगितलं की जास्तच हसतात. तुर्कीत ‘गेल’ म्हणजे ‘ये’ आणि ‘गेल्दी’ म्हणजे ‘आला’. म्हणजे गेला की आला, बाई? दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच.

आता अंकुशची गोष्ट.

अंकुश बीड जिल्ह्यातला. आयटीआय करून चाकणला आला आणि एका कारखान्यात देखभाल विभागात लागला. बायको रेखा, घर चिखलीत. रेखा शिफ्टच्या पोरांचे डबे करायची. त्यांच्या कारखान्यात गाडीची दातेरी चाकं भाजून कडक करायची एक बंद भट्टी बुर्साहून आली होती. ती बसवायला इरफान उस्ता नावाचा साठीकडे झुकलेला, जाड मिशांचा माणूस आला होता. ‘उस्ता’ म्हणजे कारागिरांतला मुरलेला; आपला ‘उस्ताद’ तोच. त्याला तुर्कीशिवाय अक्षर येत नव्हतं, म्हणून कंपनीने मला बोलावलं.

या भट्टीच्या आत वायू भरलेला असतो. आत धग असताना दार उघडलं तर ज्वाळा माणसाच्या अंगावर झेपावते. पहिल्या चाचणीच्या दिवशी मी उस्ताशेजारी उभी होते, अंकुश दाराजवळ होता. दिवसभर उस्ता ‘आच’, ‘कापात’ असं ओरडत होता. ‘आच’ म्हणजे उघड, ‘कापात’ म्हणजे बंद कर. आपल्याकडे आच म्हणजे धग, म्हणून पोरांच्या तो शब्द पटकन डोक्यात बसला होता. तेवढ्यात उस्ता पलीकडच्या पॅनेलवरून ओरडला, “सोउमादान आच्मा!”

यंत्रांच्या आवाजात अंकुशला त्यातलं फक्त ‘आच’ ऐकू गेलं. त्याचा हात दांड्यावर गेला.

तुर्कीत नकार क्रियापदाच्या पोटात बसतो. ‘आच’ म्हणजे उघड आणि ‘आच्मा’ म्हणजे उघडू नकोस. आणि ‘सोउमादान’ म्हणजे थंड झाल्याशिवाय. सगळी मदार त्या एका ‘मा’वर. मी मराठीत किंचाळले, थंड झाल्याशिवाय उघडू नको, आणि अंकुशने हात काढला. दार बंदच राहिलं. उस्ता धावत आला, अंकुशचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटासुलटा करून बघितला आणि परत पॅनेलकडे गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अंकुश मला शोधत आला. म्हणाला, “बाई, ते ‘मा’ मला शिकवा. बाकी येऊ नाहीतर न येऊ.”

असा तो वर्गात आला. कंपनीने ट्रेनिंगची खोली दिली होती, पहिली शिफ्ट सुटल्यावर वर्ग भरायचा. अंकुशला व्याकरण हा शब्दच नको वाटायचा. पण ‘विभक्ती म्हणजे शब्द कुठून आला, कुठे चालला, कुणाचा आहे, हे सांगणारं शेपूट’ असं म्हटल्यावर त्याची कळी खुलली. काळाची वाक्यं सुरू झाली तेव्हा तर तो खुर्चीत पुढे सरकून बसला. ‘गेलिंजे’ म्हणजे आल्यावर. ‘गेलिर्केन’ म्हणजे येताना. ‘गेलमेदेन’ म्हणजे आल्याशिवाय. ‘गेलदिक्तेन सोन्रा’ म्हणजे आल्यानंतर. इंग्रजीत या प्रत्येकासाठी वेगळा शब्द वाक्याच्या पुढे उभा करावा लागतो. मराठीत आणि तुर्कीत क्रियापदालाच शेपूट लागतं आणि काम होतं. “बाई, हे तर कळायलंय की,” अंकुश म्हणाला, आणि मला माझा कांदा आठवला.

तो घरी जाऊन हे सगळं मोठ्याने म्हणायचा. रेखा कणीक मळताना ऐकायची. एकदा वर्गानंतर ती दुसऱ्या शिफ्टच्या पोरांचे डबे द्यायला कंपनीच्या गेटवर आली होती. माझी ओळख करून दिल्यावर लाजत म्हणाली, “हे रोज आल्यावर, गेल्यावर करत बसत्यात. मलाच पाठ झालंय.”

भट्टी नीट चालू झाली, उस्ता बुर्साला परतला. नंतरच्या वर्षी कंपनीने काही माणसं तिकडे शिकायला पाठवली, त्यात अंकुश होता. बाकीचे ठरल्याप्रमाणे परतले. अंकुशचं काम लांबलं, म्हणून तो एकटा मागे राहिला. उस्ता त्याच कारखान्यात असल्यामुळे रेखाला तशी काळजी नव्हती.

हिवाळ्यात एका सकाळी बर्फावरून एक गाडी घसरली आणि रस्ता ओलांडणाऱ्या अंकुशला तिने उडवलं. डोक्याला मार लागला. कंपनीकडून रेखाला जे कळवलं गेलं ते इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत येता येता इतकं गुळमुळीत झालं होतं, की त्यातून माणूस जिवंत आहे एवढंच कळत होतं. ती आणि तिचा भाऊ माझं घर शोधत निगडी प्राधिकरणात आले. दारातच ती म्हणाली, “बाई, मला कुणी नीट सांगेना. तुम्ही विचारा.”

मी उस्ताला फोन लावला. तो हॉस्पिटलच्या बाहेरच बसलेला होता. त्याने डॉक्टरांना विनंती केली आणि त्या दिवसापासून रोज एक डॉक्टरबाई काम संपवून निघताना उस्ताच्या फोनवरून माझ्याशी बोलायला लागल्या. आपल्याकडे तेव्हा दिवेलागण झालेली असायची. मी फोनचा स्पीकर लावायची. रेखा समोर जमिनीवर बसायची. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसायची नाही.

डॉक्टरबाईंचा आवाज शांत होता आणि बोलणं अगदी काटेकोर. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, मेंदूला सूज आहे, त्याला झोपवून ठेवलं आहे. पुढचं वाक्य ‘उयानिर्सा’ या शब्दाने सुरू झालं.

‘उयान’ म्हणजे जागा हो. ‘उयानिंजा’ म्हणजे जाग आल्यावर. आणि ‘उयानिर्सा’ म्हणजे जाग आली तर. मी आयुष्यभर हे दोन प्रत्यय शिकवत आले होते. पाऊस आला तर, बस आली तर, असल्या वाक्यांतून. त्या संध्याकाळी माझ्या जिभेवर ते दोन्ही होते आणि रेखा माझ्याकडे बघत होती. ‘आल्यावर’ म्हणणं किती सोपं होतं. तिच्या भावाने तर मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, तिला धीर वाटेल असं बोला.

पण दुभाष्याचा एकच धर्म असतो. समोरच्याने ‘तर’ म्हटलं असेल तर आपणही ‘तर’ म्हणायचं. मी रेखाला म्हणाले, “शुद्धीवर आला तर, किती इजा झालीय ते तेव्हा कळेल, असं म्हणतायत.”

 ती म्हणाली, “तुम्ही खरं सांगताय, हे कळलं मला.” आणि मग रोज येऊ लागली. तिचा भाऊ माझ्यावर नाराज होता. मला त्याचा राग आला नाही.

ते दिवस मी विसरणार नाही. रोज संध्याकाळी डॉक्टरबाई तीच वाक्यं थोड्या फरकाने सांगायच्या: सूज, औषधं, ताप. आणि रोज कुठेतरी ‘उयानिर्सा’ यायचंच. रेखा तुर्की शिकलेली नव्हती, पण ती त्या शब्दाच्या शेवटाची वाट बघते आहे हे मला दिसायला लागलं. ‘र्सा’ आलं की तिची मान खाली जायची. मी भाषांतर करायच्या आधीच.

एके संध्याकाळी फोन उशिरा आला. डॉक्टरबाई घाईत होत्या. म्हणाल्या, सूज उतरते आहे, औषध कमी केलं आहे, आणि “उयानिंजा” श्वासाची नळी काढू.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. फोनवर आवाज तुटत होता. आणि इतके दिवस मनात धरून बसलेली गोष्ट कानाला भलतं ऐकवू शकते. मी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात रेखाने माझं मनगट धरलं. “आल्यावर म्हणाल्या ना त्या?” तिचा आवाज इतका बारीक होता की भावाला तो ऐकूही गेला नाही.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, उयानिर्सा म्हणालात की उयानिंजा?  हा प्रश्न मी का विचारते आहे, हे त्यांना समजलं असावं. मग त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं: “उ-या-निन-जा.” आणि थांबून पुन्हा एकदा.

मी रेखाला सांगितलं, “शुद्धीवर आल्यावर.”

भाषा शिकवण्यात माझी हयात गेली. पण एका प्रत्ययाने खोलीतली हवा बदलते, भिंतीला टेकून बसलेलं माणूस एका अक्षराने सरळ होतं, हे मी तोवर बघितलं नव्हतं. हे शेपूट कुणी घडवलं? बर्फाळ पठारांवर घोडे हाकणाऱ्या कुणा माणसांनी कधीतरी ठरवलं, की ‘होईल की नाही ठाऊक नाही’ आणि ‘होणारच आहे, कधी एवढंच बघायचं’ या दोन गोष्टी एका शब्दात ठेवायच्या नाहीत. आणि आपल्याकडे कुणीतरी तेच ठरवलं. त्या दोन माणसांची गाठ माझ्या निगडीच्या हॉलमध्ये पडली.

अंकुश शुद्धीवर आला. नळी काढून त्याला साध्या वॉर्डात हलवल्यानंतर काही दिवसांनी उस्ताच्या फोनवर त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. तो आमच्याशी बोलत नव्हता, शेजारच्या नर्सशी बोलत होता, गोंधळलेला, घसा बसलेला. त्याला कोण कुठे आहे याचंही भान नव्हतं. पण तो म्हणाला, “रेखाया स्योयलेयिन.” रेखाला सांगा. नाव स्वराने संपतं, म्हणून प्रत्ययाआधी ‘य’ यायला हवा. आणि तो आला होता. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाने बायकोच्या नावाला बरोबर चतुर्थी लावली होती. मी त्याची बाई. मला त्याही वेळी ते ऐकू आलं, आणि मला हुंदका आवरला नाही. रेखा विचारत राहिली, काय म्हणाले, काय म्हणाले.

अंकुश परत आला. डाव्या पायात थोडी ओढ राहिली आहे, आणि दमला की शब्द शोधावे लागतात. कधी मराठीऐवजी तुर्की शब्द आधी येतो. कंपनीने त्याला ट्रेनिंगच्या कामावर घेतलं. भट्टीजवळ नव्या पोरांना उभं करून तो आधी तुर्की नकार शिकवतो, मग बाकीचं.

मागच्या वर्षी नवीन यंत्र बसवायला इरफान उस्ता पुन्हा चाकणला आला. रेखाने त्याला चिखलीच्या घरी जेवायला बोलावलं, मलाही. तिने शेंगदाण्याची चटणी, वांगं, बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. उस्ता मांडी घालून बसला, गुडघे दुखत होते तरी. जेवण निम्मं झाल्यावर रेखा मला म्हणाली, “बाई, उस्तांना विचारा, तेव्हा हॉस्पिटलात यांच्याजवळ बसून काय करत होते रोज? हे काही सांगत नाहीत. यांना आठवतच नाही.”

मी विचारलं. उस्ताने घास खाली ठेवला; तो सांगत गेला तसं मी रेखाला मराठीत सांगत गेले. म्हणाला, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, त्याच्याशी बोलत राहा, ऐकू येत असेल. त्याच्याच भाषेत बोललात तर जास्त बरं. फोन आत नेऊ देत नव्हते, म्हणजे रेखाचा आवाज ऐकवायची सोय नव्हती. म्हणून मी मराठीत बोलायचो.

मी विचारलं, तुम्हाला मराठी कुठे येते? तो म्हणाला, चाकणला पोरं माझ्याशी जे बोलायची तेवढीच. तेच रोज सगळं म्हणायचो. पुन्हा पुन्हा. अर्थ सगळ्यांचा माहीत होता असं नाही.

आणि मग भाकरीच्या ताटासमोर, त्या जाड मिशांतून, एकापाठोपाठ एक, प्रार्थना म्हणावी तशी ती मराठी वाक्यं आली. “सावकाश. गरम आहे. चल राव. झालं का? पाणी घे. उद्या ये. बस भाऊ, बस. जेवला का?” शेवटचं तो दोनदा म्हणाला. म्हणाला, हे सगळ्यांत जास्त म्हणायचो, कारण चाकणला मला रोज प्रत्येक जण हेच विचारायचा. म्हणजे महत्त्वाचं असणार.

अंकुश ताटाकडे बघत होता. मी सवयीने रेखाकडे वळले, तिला मराठीत सांगायला. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ती आधीच उठली होती. तव्यावरची फुगलेली भाकरी तिने आणली, उस्ताच्या ताटात वाढली, वर तूप घातलं, आणि त्याच्यासमोर बसून म्हणाली, “सावकाश. गरम आहे.”

उस्ताने मान हलवली. दोन्हीकडची माणसं समोर बसली होती, आणि मला करायला काही काम उरलं नव्हतं.